बाबारावांच्या मोटारीची गळती

लढाई सुरू होऊन दोन दिवस झाले होते. जबलपुरात, मदन महलच्या त्या गल्लीत, घरोघरी खिडक्यांच्या काचांना ब्लॅकआउटसाठी काळे कागद लागले होते. रत्नाकर भुसारीच्या घरी ते काम त्याच्या मुलीने, जयाने, एकटीनेच उरकलं. रत्नाकरच्या ते लक्षातही आलं नाही. तो लष्करी ट्रकच्या कारखान्यात इंजिनांच्या तपासणीवर होता. तयार झालेलं डिझेल इंजिन त्याच्यापुढे सुरू व्हायचं, तो डोळे मिटून ऐकायचा, आणि त्याने खडूची खूण केल्याशिवाय ते ट्रकवर चढत नसे. पावसाळ्यापासून बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या होत्या. बाकीचे लोक कुरकुरत. रत्नाकर कुरकुरत नसे. उलट बारा तास संपले की आता काय करायचं, असा त्याला प्रश्न पडे.

त्याची बायको हेमलता नवरात्रात गेली. ती माहेरी सिहोऱ्याला गेली होती. तिथे तिचं पोट दुखायला लागलं, आणि जबलपूरला दवाखान्यात आणताना टॅक्सी वाटेत बंद पडली, तीन तास गेले. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि पुन्हा शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. नातेवाईक आले, रडले, तेराव्याला जेवले आणि आपापल्या गावी गेले. रत्नाकर रडला नाही. रडू आवरून धरलं होतं असंही नाही; त्याला काही होतच नव्हतं. भाजीत मीठ नसलं तरी तो मुकाट खायचा, आणि आपण जेवलो की नाही हे त्याला कधीकधी ताट बघून ठरवावं लागे. शेजारच्या बेबीताई जयाला म्हणाल्या, "तुझे बाबा एकदा रडून घेतील तर बरं होईल गं." जयाने ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. रत्नाकर म्हणाला, "अच्छा."

त्या रविवारी त्याला सकाळची सुट्टी होती. अंगणात बसून तो सायकलच्या चेनला तेल देत होता, तेवढ्यात एक लांबलचक काळी मोटार गल्लीत शिरली आणि त्याच्या दारापाशी थांबली. जुनी परदेशी गाडी, टपावर सामानाची जाळी, आणि आत मूळचं पेट्रोल इंजिन काढून बसवलेलं डिझेल इंजिन. अशा गाड्या तेव्हा टॅक्सी म्हणून खूप फिरायच्या. गाडीतून पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ उतरले आणि फाटकाबाहेरच उभे राहिले.

"भुसारीसाहेब," ते म्हणाले, "ओळखलं का मले?"

रत्नाकरने मान डोलावली. त्याने त्यांना एकदाच पाहिलं होतं, ग्वारीघाटावर, चितेपासून खूप लांब, टोपी हातात धरून उभे असलेले. ते बाबाराव ढोमणे. सिहोऱ्याहून जबलपुरातल्या ओमतीपर्यंत टॅक्सी चालवायचे. हेमलता ज्या गाडीत होती ती हीच.

"येणार नव्हतो मी," बाबाराव म्हणाले. "कोणत्या तोंडानं येऊ? पण ओमतीतले झाडून सारे मिस्त्री करून झाले. गाडी ऑइल गळून राहिली. दोनदा गिअरबॉक्स उतरवला, दोनदा मागचं सील बदललं, तरी तेच. सिहोऱ्याहून इथवर यायचं तर दोन लिटरचा डबा सोबत ठेवा लागते. आता तर चांगले मिस्त्री कारखान्यांत गुंतले. जो तो तुमचंच नाव सांगते. म्हणे, इंजिनाचं दुखणं भुसारीले कानानं समजते."

ते बोलत होते तेवढ्यात गाडीखाली धुळीत काळ्या तेलाचा एक थेंब पडला. मग दुसरा. रत्नाकर त्या थेंबांकडे बघत राहिला.

त्याचा मेहुणा शशिकांत सिहोऱ्यात सगळ्यांना सांगत सुटला होता की ढोमण्याची ती मोटार नाही, तिरडी आहे. बहिणीला ढोमण्यानेच मारलं. तिथल्या मराठी घरांनी त्या गाडीत बसणं सोडून दिलं होतं. खरं तर रत्नाकरनेही आता बाबारावांना हाकलून द्यायला हवं होतं. राग यावा म्हणून तो क्षणभर थांबलासुद्धा. राग आला नाही.

"लावा इकडे, सावलीत," तो म्हणाला.

आधी त्याने काही केलं नाही, नुसतं विचारत गेला. गळती केव्हापासून? त्या दिवसापासून. त्याच्या आधी? "एक थेंब नाही जी. जुनं इंजिन, धूर मारायचं, पण गळायचं नाही." त्या दिवशी काय झालं? बाबाराव खाली मान घालून सांगू लागले. गोसलपूर सोडलं, पनागर यायचं होतं, आणि इंजिन ठोकायला लागलं. ऑइल मोजायची सळी काढून बघितली तर टोकालासुद्धा ऑइल नाही. सकाळीच भरलेलं ऑइल तासाभरात गेलं कुठे? आतले बेअरिंग जळाले होते. नंतर ते नवे बसवले.

"आणि रिंगा? पिस्टनच्या?"

"त्या मिळाल्याच नाहीत. सारा माल लढाईच्या खरेदीत चालला. जुन्याच आहेत."

"मग आता धूर मारते का?"

बाबाराव विचारात पडले. "नाही. आता नाही मारत. काम झाल्यावर सुधरली असंन."

रिंगा जुन्याच असतील तर धूर कमी व्हायचं काही कारण नव्हतं. रत्नाकरने ते मनात बाजूला ठेवलं.

मग त्याने बॉनेट उघडलं. इंजिन खालपासून वरपर्यंत काळं चिकट झालेलं. असं इंजिन बघून तेल कुठून येतं ते सांगता येत नाही. तेल खाली उतरतं, पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो, आणि शेवटी ते सगळ्यात मागे, सगळ्यात खाली ठिबकतं. मिस्त्री तिथेच बघतात आणि सील बदलून मोकळे होतात. रत्नाकरने मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, आणि ब्रश घेऊन पाऊण तास इंजिन धुतलं, फडक्याने कोरडं केलं. मग जयाला हाक मारली.

"घरात पावडर आहे का गं? अंगाला लावायची."

जया पंधरा वर्षांची होती. बाबाराव आल्यापासून ती दाराच्या आत उभी होती, त्यांच्याकडे न बघता. ती आत गेली आणि एक गुलाबी डबा घेऊन आली. डबा हेमलताचा होता. अडीच महिने फळीवर जसाच्या तसा होता. जयाने तो बापाच्या हातात दिला आणि म्हणाली, "पूरी मत डालना."

रत्नाकरने पावडर तळहातावर घेऊन इंजिनाच्या सगळ्या जोडांवर, कडांवर, पॅकिंगच्या रेघांवर फुंकली. काळं इंजिन पांढरं झालं. पांढऱ्यावर तेल निघालं की पहिली रेघ कुठे उमटते ते दिसतं, एवढाच त्यातला हिशेब. त्याने बाबारावांना इंजिन सुरू करायला सांगितलं.

इंजिन तापलं तशी पावडरही तापली आणि तिचा वास अंगणभर झाला. डिझेल, मातीचं तेल आणि तो वास. जया आत निघून गेली. रत्नाकर वाकून उभा राहिला, हातात टॉर्च. त्याला वास आला, तो कसला आहे हेही कळलं. त्यापलीकडे काही नाही. पाच मिनिटं इंजिन सावकाश चाललं, एक रेघ उमटली नाही.

"आता पाय दाबा. दाबूनच ठेवा."

इंजिन गरजायला लागलं. तीन-चार मिनिटांनी मागच्या बाजूला, सीलच्या घरापाशी, पावडरीवर एक काळी ओली रेघ उतरली. बाबाराव खिडकीतून डोकं काढून ओरडले, "तेच ना? सीलच ना?" रत्नाकरने हात वर करून त्यांना थांबवलं. कारण आता वरच्या झाकणाच्या कडेलाही ओल दिसत होती. मग पुढच्या बाजूला. तीन ठिकाणं एकदम गळायला लागत नाहीत. आणि त्याच वेळी, त्याच्या डोळ्यांदेखत, ऑइल मोजायची सळी आपली आपण बोटभर वर सरकली. जणू आतून कुणी ढकलली.

त्याने ऑइल भरायचं झाकण फिरवून उघडलं. आतून हवेचा असा झोत आला की त्याचे केस उडाले. झाकण उघडं ठेवून त्याने पुन्हा टॉर्च मारला. रेघा थांबल्या होत्या.

"बंद करा," तो म्हणाला. "तुमचं सील चांगलं आहे. दोन्ही वेळा चांगलंच होतं."

"मग?"

"हे इंजिन कोंडलं आहे."

इंजिनाच्या पोटात जळका वायू साठत असतो, आणि तो बाहेर जावा म्हणून एक नळी असते. कारखान्यात तिला ब्रीदर म्हणत. रत्नाकर नव्या लोकांना शिकवताना श्वासाची नळी म्हणायचा. ती बंद झाली की आतला दाब वाढतो आणि जिथे जागा मिळेल तिथून तेलाला बाहेर हाकलतो. या गाडीची नळी इंजिनाच्या कुशीतून निघून खाली मागे गेली होती, मधल्या बैठकीच्या फळ्यांखाली. मिस्त्र्यांनी तिला हात लावला नव्हता; लावायचं कारणही पडलं नव्हतं. रत्नाकर पोतं टाकून गाडीखाली सरपटला, नळीच्या तोंडात तार घातली, तार टोकाशी वाकवून ओढली. काहीतरी मऊ लागलं. ते घट्ट बसलं होतं. त्याने दोन्ही पाय जमिनीला रोवून ओढलं, तेव्हा ते बाहेर आलं.

बाहेर येऊन त्याने ते उलगडलं. तेलाने भिजून काळं झालेलं जाड कापड. मोठ्या पिशवीसारखं शिवलेलं, एका बाजूने नाडी. आतल्या बाजूला तेल कमी लागलं होतं, तिथे खाकी रंग दिसत होता, आणि खाकीवर पक्क्या शाईचा आकडा होता. ४१७.

४१७ हा रत्नाकरचा कारखान्यातला नंबर होता. त्याच्या प्रत्येक गणवेशाच्या आत तो छापलेला असायचा. गणवेश फाटला की हेमलता त्यातून काहीबाही शिवायची. हे तिने शेकायच्या रबरी पिशवीसाठी शिवलेलं होतं, चटका बसू नये म्हणून.

बाबाराव वाकून बघत होते. "अरे, हे तर मीच कोंबलं होतं जी! पार विसरून गेलो होतो."

"कधी?"

"त्याच दिवशी. वहिनीले धूर सहनच होत नव्हता. फळीच्या फटीतून आत यायचा, पार पायापाशी. दोनदा उलटी झाली तिले. तिचा भाऊ म्हणे, 'ओ ढोमणे, त्या धुराचं काही करता की नाही?' म्हणून मी गोसलपूरच्या पुढे गाडी थांबवली. चिंधी शोधून राहिलो होतो, तर वहिनीनं हे काढून दिलं. म्हणाली, 'हे घ्या भैया, जाड आहे.' मी काठीनं आत ठोसलं. धूर लगेच बंद. बिचारीले जरा झोप लागली."

"अजून काय म्हणाली?"

"अजून?" बाबारावांनी आठवून बघितलं. "म्हणाली, आता बरं वाटते. बस, इतकंच."

रत्नाकरने कापडाची घडी घातली आणि खिशात ठेवली. सगळं त्याच्यापुढे एखाद्या नकाशासारखं स्वच्छ होतं. धूर बंद झाला, दाब वाढला, ऑइल गेलं, इंजिन गेलं, तीन तास गेले. बाबारावांच्या चेहऱ्यावर मात्र अजून काहीच नव्हतं, गळती सापडल्याचा आनंद तेवढा होता.

"नळी चोंदली होती," रत्नाकर म्हणाला. "मोकळी राहू द्या. तिला पुढे हातभर पाइप जोडून मागे काढा, म्हणजे धूर आत यायचा नाही. रिंगा मिळाल्या की बदला."

"माझा तर जीव वाचवला तुम्ही," बाबाराव म्हणाले, आणि गेले.

रत्नाकरने ते कापड साबण लावून तीनदा धुतलं. तेल निघालं नाही. त्याने ते तसंच दोरीवर वाळत घातलं. संध्याकाळी जयाने कपडे काढले तेव्हा तो आकडा तिने वाचला, बापाकडे बघितलं, आणि कापड इतर कपड्यांबरोबर घडी करून कपाटात ठेवलं.

त्या आठवड्यात कारखान्यात एकदा असं झालं. तपासणीवर एक इंजिन चालू होतं. रत्नाकरने त्याच्या श्वासाच्या नळीवर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला. आतला वायू हाताला धडका देत होता, गरम, एकसारखा. शेजारी काम करणारा हेमचंद्र आधी हसला, मग थोड्या वेळाने त्याने येऊन रत्नाकरचा हात धरून बाजूला केला. "भुसारी, काहून बे? हात भाजून घेतला." तळहातावर लाल गोल उमटला होता. दुखत असेल, असं रत्नाकरला वाटलं.

पुढच्या रविवारी बाबाराव पुन्हा आले. या वेळी गाडी नव्हती. बसने आले होते. अंगणात येऊन ते ओट्याच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ टोपीची कड चाचपत राहिले.

"गळती थांबली," ते म्हणाले. "एक थेंब नाही."

"बरं झालं."

"नाही जी, बरं नाही झालं." त्यांनी टोपी पायरीवर ठेवली. "चिंधी काढली अन् गळती थांबली. म्हणजे कोंबली म्हणून सुरू झाली. मी ड्रायव्हर आहो साहेब, गाढव नाही. रस्त्यावरच डोक्यात आलं माझ्या. तुमाले तर त्याच वेळी समजलं होतं. समजलं होतं ना?"

"हो."

"मग बोलले काहून नाही? दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या! इतके दिवस मी साऱ्यांले सांगत राहिलो का मशीन आहे, मशीनचा भरवसा नाही, माझी चूक नाही. अन् मीच मारलं तिले. या हातानं. शशिकांत खरंच बोलून राहिला होता."

ते रडायला लागले. मोठा, थकलेला माणूस, पायरीवर बसून हमसून हमसून रडत होता, आणि रत्नाकर समोर उभा होता. त्याला वाटलं, हे माझं काम होतं आणि ते हा माणूस करतो आहे. तो बाबारावांच्या शेजारी पायरीवर बसला. मग अगदी साध्या आवाजात, पाळी कोणती आहे ते सांगावं तसा, तो बोलला.

"डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आतडं दोन दिवस आधीच फुटलं होतं. दोन दिवस आधी आणायला हवं होतं, म्हणाले. तीन तासांचं काही बोलले नाहीत."

"पण दोन दिवस आधी कोणाले—"

"शशिकांतचं कार्ड आलं होतं. हेमाचं पोट फार दुखते, इथल्या वैद्याच्या हातचं नाही, येऊन जबलपूरला न्या, असं लिहिलं होतं. मला ते मंगळवारी मिळालं. तेव्हा कारखान्यात महिनाअखेरची इंजिनं निघायची होती. मला वाटलं, नेहमीचं दुखणं असेल. शनिवारी जाऊ. ती शुक्रवारी निघाली, तुमच्या गाडीत." तो थांबला. "शशिकांतला मी घाटावर सांगितलं की कार्ड मिळालंच नाही. पोस्टात गहाळ झालं असेल, म्हटलं. मग त्याला दोष द्यायला दुसरा कोणी उरला नाही. तुम्हीच उरलात."

बाबाराव रडायचे थांबले. ते रत्नाकरकडे बघत राहिले. त्या नजरेत राग होता की आणखी काही, ते रत्नाकरला ओळखता आलं नाही, आणि ओळखायचा त्रासही त्याने घेतला नाही. एवढंच कळलं की आपण हे पहिल्यांदाच तोंडाने बोललो.

"पुढच्या रविवारी गाडी घेऊन या," तो म्हणाला. "सिहोऱ्याला जाऊ."

त्या आठवड्यात लढाई संपली. कारखान्यात भोंगा वाजला, पेढे वाटले, गल्लीत लोकांनी खिडक्यांचे काळे कागद फाडले. रविवारी सकाळी बाबाराव आले तेव्हा जयाही तयार होऊन उभी होती. "आजी से मिलना है," ती म्हणाली. रत्नाकर तिला नाही म्हणू शकला असता. म्हणाला नाही.

तो मधल्या बैठकीवर बसला, जया त्याच्या शेजारी.

शशिकांतचं घर सिहोऱ्याच्या बाजारामागे होतं. पुढे धान्याचं दुकान, मागे राहायच्या खोल्या. गाडी दारात थांबलेली बघून तो ताडकन दुकानातून बाहेर आला. "भाऊजी, या माणसाच्या गाडीत? अन् जयाला घेऊन?"

"आत चल," रत्नाकर म्हणाला. "बाबारावजी, तुम्हीही या."

आतल्या खोलीत सासूबाई, अनसूयाबाई, वाल सोलत बसल्या होत्या. रत्नाकर उभ्यानेच बोलला. बसलो तर राहून जाईल, असं त्याला वाटलं. त्याने आधी नळीचं सांगितलं, कापडाचं सांगितलं, धूर थांबवायला कुणी म्हटलं तेही सांगितलं. शशिकांतचा चेहरा उतरला. मग तो सावरला आणि बोट दाखवत म्हणाला, "म्हणजे यानंच केलं ना शेवटी! मी धुराचं काही करा म्हटलं, नळी बुजवा कुठं म्हटलं होतं?"

"तुझं कार्ड मला मंगळवारी मिळालं होतं, शशिकांत."

दुकानात कुणी गिऱ्हाईक हाका मारत होतं, "भैया, ओ भैया." कुणी गेलं नाही.

"मिळालं नाही म्हटलं होतं तुम्ही," शशिकांत सावकाश म्हणाला.

"खोटं बोललो."

शशिकांत त्याच्या अंगावर धावून येईल, असं बाबारावांना वाटलं असावं. ते अर्धं पाऊल पुढे आले. पण शशिकांत जिथे होता तिथेच खाली बसला. दोन्ही हात डोक्यावर घेऊन म्हणाला, "मीच का नाही निघालो मंगळवारी? उत्तराची वाट पाहून राहिलो. भाऊजी येतील, भाऊजी येतील."

अनसूयाबाईंनी वालाची टोपली बाजूला केली. त्या रत्नाकरकडे बघत नव्हत्या, जयाकडे बघत होत्या. "पोरीसमोर काहून बोललात?" त्या म्हणाल्या. "तिले कशाले सांगायचं होतं?"

"मला माहीत होतं, आजी," जया म्हणाली. "पोस्टमन से मैंनेच तो लिया था. मीच बाबांच्या हातात दिलं होतं."

रत्नाकरने तिच्याकडे वळून बघितलं. ते त्याला आठवत नव्हतं. कार्ड हातात होतं एवढं आठवत होतं. ते कुणी दिलं, हा प्रश्न त्याच्या मनात कधी आलाच नव्हता. घाटावरून तो घरी येऊन तेच खोटं सगळ्यांसमोर बोलला होता, तेव्हा ही पोरगी पाणी घेऊन उभी होती. जवळजवळ तीन महिने ती त्याच्यासमोर ताट मांडत होती.

कुणी कुणाला माफ केलं, असं काही त्या दिवशी झालं नाही. शशिकांत उठून दुकानात गेला आणि परत आलाच नाही. अनसूयाबाईंनी सगळ्यांना वाढलं, बाबारावांनासुद्धा, पण त्यांच्या ताटाकडे न बघता वाढलं. निघताना त्यांनी जयाला जवळ घेतलं. रत्नाकर पाया पडायला वाकला तेव्हा त्यांचा हात त्याच्या डोक्यावर आला नाही. मागेही सरला नाही. तो तसाच मांडीवर राहिला.

गोसलपूर मागे पडल्यावर रत्नाकर म्हणाला, "गाडी बंद पडली ती जागा दाखवा."

बाबारावांनी पनागरच्या अलीकडे एका छोट्या पुलाजवळ गाडी थांबवली. रत्नाकर खाली उतरला. त्याने ही जागा पुष्कळदा डोळ्यांपुढे आणली होती आणि प्रत्येक वेळी ती मोठी आणि ओसाड होती. इथे रस्त्याखालून जाणारी एक मोरी होती, तिच्या कठड्यावर चुन्याने काढलेला आकडा, आणि दोन्ही बाजूंना मटाराची शेतं. हिरवीगार. बायका ओळीत बसून शेंगा तोडत होत्या.

"इथं बसवलं होतं तिले," बाबाराव म्हणाले. "कठड्यापाशी. मिलिटरीच्या ट्रकांची रांग समोरून चालली होती, नवेकोरे ट्रक. ते उलट्या दिशेनं, थांबणार कसे? वहिनी मोजून राहिली होती. म्हणाली, 'यातले कितीतरी आमच्या ह्यांच्या हातून गेले असतील.' मग एक लाकडाचा ट्रक थांबला, त्यात टाकून नेलं."

जया रत्नाकरच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"बोलली काहून नाहीस मला?" त्याने विचारलं.

"आप पूछते ही नहीं थे कुछ," ती म्हणाली. मग तिने मराठीत पुन्हा सांगून बघितलं, शब्द शोधत. "तुम्ही ऐकत नव्हता ना बाबा. मी सांगितलं असतं तर तुम्ही 'अच्छा' म्हटलं असतं."

तो कठड्यावर बसला. ऊन अंगाला लागत होतं. भाजलेल्या तळहाताची कातडी निघत होती, आणि कठड्यावर टेकल्यावर तो हात चुरचुरला.

शेतातली एक बाई त्यांना बराच वेळ बघत होती. ती बांधापर्यंत आली आणि म्हणाली, "किसी की राह देख रहे हो भैया?"

"नहीं बाई," रत्नाकर म्हणाला. "ऐसेई बैठे हैं."

ती परत गेली, आणि पुन्हा आली तेव्हा तिच्या ओच्यात शेंगा होत्या. तिने त्या जयाच्या ओढणीत ओतल्या. जयाने एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, आणि दुसरी बापापुढे धरली. त्याने ती घेतली. मग सरकून तिला कठड्यावर जागा करून दिली.